साडूंनी गुंडाळलेला शालू

जगातली कुठलीही वस्तू उघडी राहू नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. तो लातुरात राहतो आणि सुदैवानं म्हणा, दुर्दैवानं म्हणा, माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवानं कणसाला पाती दिली, शेंगेला टरफल दिलं, माणसाला कातडी दिली. ज्या वस्तूंना काही द्यायचं त्याच्याकडून राहून गेलं, त्यांची जबाबदारी आमच्या साडूंनी अंगावर घेतली आहे.

उभी हयात त्यांनी मोटार वाइंडिंगच्या दुकानात काढली. खेडोपाड्यांतून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, साडू त्यांच्यातलं काळं पडलेलं तांबं उपसायचे आणि नव्या तारेचे वेढे असे शिस्तीत बसवायचे, की नव्या नवरीच्या हातातल्या बांगड्याही त्यापुढे गबाळ्या वाटाव्यात. पुढं मुलगा हाताशी आला, दुकान त्यानं सांभाळलं आणि साडू घरी बसले. पण त्यांचे हात काही घरी बसायला तयार नव्हते. त्यांना वेढ्यांची सवय. सुरुवातीला त्यांनी नळाच्या तोटीला सुतळी गुंडाळली, मग खुर्चीच्या हातांना, मग दाराच्या कडीला. एकदा दुपारी झोपलेल्या व्याह्यांच्या काठीला गुंडाळत गुंडाळत ते मुठीपर्यंत पोचले, तेव्हा व्याही जागे झाले. अशातच कुठल्याशा लग्नाची पत्रिका आली, आहेर द्यायचा ठरला आणि त्या हातांना आपलं जन्मकार्य सापडलं.

दुकानात मिळणाऱ्या चकचकीत कागदाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "त्यो कागद म्हंजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवल्यासारखं हाय," असं ते म्हणतात. घरात जे पडलेलं असेल, उरलेलं असेल, कुणी टाकून दिलेलं असेल, त्यातूनच भेट सजली पाहिजे हा त्यांचा नियम. मक्याच्या कणसाची साल, हळदीचं पोतं, कांद्याची लाल जाळी, कॅसेटमधली फीत, गोळ्या संपलेली चंदेरी पाकिटं, जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि अर्थातच मोटारीतली जळकी तार, यांतलं काहीही त्यांना वर्ज्य नाही. आणि हे सगळं ते असं काही जुळवतात, की बघणारा दोन पावलं मागं सरकून पुन्हा बघतो. आत काय असतं, तर चहाची गाळणी. कधी पळी, कधी साणशी. वस्तूबद्दल त्यांना विशेष आस्था नाही. "वस्तू काय, दुकानातबी भेटती," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

आमच्या नांदेडच्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी टेबलावरचा दिवा दिला. त्याला गुंडाळलं होतं सासऱ्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेनं. कडांना तांब्याच्या तारेचे टाके घातलेले, खाली मोत्यांच्या तुटक्या माळेची झालर. सगळ्यांनी इतकी वाहवा केली की ते वेष्टन काढायला मन होईना. मग आम्ही ते तसंच ठेवून दिवा लावला. खोलीत निळसर उजेड पसरला आणि समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा गुडघा उगवला. तो अजूनही उगवतो. सासरे आमच्याकडे आले की संध्याकाळी पाहुण्यांना भिंतीजवळ नेऊन, गादी नेमकी कुठं झिजली आहे ते काठीनं दाखवतात.

आमच्या लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला तर साडू लातूरहून बकरी घेऊन निघाले. खरं म्हणजे ते लाकडी स्टूल होतं. पण चारही पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे, तुटक्या चपलेचे कान, मक्याच्या केसांची दाढी आणि डोळ्यांच्या जागी दोन कोटाची बटणं असा तो एकूण ऐवज होता. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बकरीचं लगेज पडंल." दुसऱ्या कुणी वाद घातला असता. साडूंनी जन्मात कुठलं तिकीट इतक्या आनंदानं काढलं नसेल. अहमदपूरला एक शेतकरी शेजारी येऊन बसला. थोडा वेळ बघून त्यानं विचारलं, "दूध किती देती?"

"दोन्ही वक्ताचं मिळून दीड लिटर," साडू म्हणाले.

"हालंना कामून पण?"

"गाडी लागती तिला."

लोह्याला उतरताना त्या भल्या माणसानं बकरीपुढं भुईमुगाच्या पाल्याची एक जुडी ठेवली. ती जुडीसुद्धा साडूंनी वाया जाऊ दिली नाही. आमच्या घरी पोचेपर्यंत बकरीच्या गळ्यात हिरवा हार होता. शेवटी वेष्टन सोडायची वेळ आली तेव्हा लेक रडली, तिला बघून साडू रडले, आणि स्टूल तेवढं आमच्या स्वयंपाकघरात कोरडं उभं राहिलं.

या सगळ्या खटाटोपाला कच्चा माल पुरवायचं काम, त्यांच्या नकळत, अक्का करत होत्या. अक्का म्हणजे साडूंच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणतो. बाई मोठ्या सहनशील. पावसाळ्यात छत्री उघडावी तर नुसत्या काड्या वर जाव्यात, आणि कापड कुणाच्या तरी मुंजीला गेलेलं असावं. कॅलेंडरवरचा महिना संपायच्या आत गायब व्हावा. उशीच्या अभ्र्याला हात घालावा तर एका बाजूनं वारा यावा. अक्का फक्त एवढंच म्हणायच्या, "आज काय नेलं?" आणि साडू अपराधी चेहऱ्यानं सांगायचे. इतक्या वर्षांत त्यांच्यात याहून मोठं भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र अक्का एकट्याच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक पिशवी. चेहरा असा, की बायकोनं काही न विचारता आधी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर अक्का म्हणाल्या, "मी आता हितंच राहणार हाय."

हळूहळू हकीकत बाहेर आली. दरवर्षी थंडीत अक्का पेटीतले कपडे उन्हाला घालतात. त्यात त्यांचा लग्नातला शालू असतो. डाळिंबी रंगाचा, जरीच्या काठाचा. या वर्षी त्यांनी बोचकं सोडलं तर आत शालूच्या मापाला बरोबर घडी घातलेली वर्तमानपत्रं निघाली. बोचकं हाताला हलकं लागू नये म्हणून साडूंनी ही काळजी घेतली होती, आणि वरची गाठ पूर्वीपेक्षा देखणी मारली होती. गेल्या लग्नसराईपासून शालू थोडा थोडा करून दोन जिल्ह्यांतल्या भेटींवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी साडू आले. आयुष्यात पहिल्यांदा हात हलवत आले. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. साडू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर टेकले आणि दाराच्या पडद्याशी बोलू लागले.

"घडीवर चिरला होता गं त्यो. उचलला की तुकडंच पडले असते. तसा गेलेलाच होता."

आतून भांड्याचा आवाज थांबला. "घडीवर तर मीबी चिरलेय," अक्का म्हणाल्या. "मलाबी गुंडाळा आन् द्या कुनाला तरी."

साडूंचे हात मांडीवर पडले होते आणि बोटं आपल्याआपण सदऱ्याच्या टोकाला पीळ घालत होती. थोड्या वेळानं बायको बाहेर आली आणि म्हणाली, "दाजी, अक्का म्हणतेय, शालू वापस आणा, मग बोला."

साडूंना कुठला तुकडा कुठं गेला हे तोंडपाठ होतं. पदर नायगावला, काठ भोकरला, अंग किल्लारीला. सतीच्या देहाचे तुकडे पडले तिथं तिथं पीठं झाली म्हणतात. अक्कांच्या शालूची ही तीन पीठं करायला मी मोटारसायकल काढली आणि साडू मागं बसले. वाटेत ते एकदाच बोलले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "दिलेल्या भेटीचा कागद परत मागायचा, हे कुठं बसतं का?" बसत नव्हतं, म्हणून मी गाडी चालवत राहिलो.

नायगावला साडूंच्या एका चुलतभावाच्या घरी पदर गेला होता. चुलतभावानं मोठ्या उत्साहानं आम्हाला थेट शोकेसपाशी नेलं. मधल्या कप्प्यात, मुलाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी, ती भेट जशीच्या तशी उभी होती. डाळिंबी पदराच्या चुण्या, त्यातून जरीचा पिसारा, वर गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचा तुरा. मोरच तो. वर्ष होत आलं तरी कुणी सोडला नव्हता. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दावतो आम्ही," चुलतभाऊ म्हणाला. "सोडला तर असा परत कोन बसवणार?"

साडूंच्या चेहऱ्यावर आधी जो आनंद पसरला आणि मग जो विरत गेला, तो मला बघवेना. आपण बांधलेली गाठ आयुष्यात पहिल्यांदा, लोक नको नको म्हणत असताना, त्यांना स्वतःच्या हातानं सोडायची होती. घरातली सगळी माणसं गोळा झाली. पिसारा उतरला, चुण्या मोकळ्या झाल्या आणि आतून चहाची गाळणी निघाली.

बराच वेळ सगळे गाळणीकडं बघत राहिले. "आम्हाला वाटलं, चांदीचं काहीतरी हाय," वहिनी हळूच म्हणाल्या. "शेजारी तसंच सांगितलं होतं आम्ही."

"आता काय सांगायचं?" चुलतभावानं विचारलं. तो रागावला नव्हता. खरोखरच अडचणीत आला होता.

साडूंनी विचारलं, "घरात खताचं रिकामं पोतं हाय का?" होतं. एक फुटकी परातही निघाली, आणि पतंगाचा मांजा. जेवणं होईपर्यंत ती गाळणी एका पांढऱ्या घुबडाच्या पोटात जाऊन बसली, आणि घुबड शोकेसमध्ये. मोरापेक्षा ते जास्त रुबाबदार दिसत होतं. चुलतभावाचा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्यांना सांगायला, आत चांदीच होती आणि आहे, असं त्यांचं ठरलं असावं. आम्ही पदर घडी घालून डिकीत ठेवला आणि भोकरच्या रस्त्याला लागलो.

भोकरला साडूंच्या दुकानातल्या जुन्या कारागिराची मुलगी दिलेली आहे. ती आणि तिचा नवरा दोघंही शाळेत शिकवतात. त्यांच्या बाळाच्या नामकरणाला साडूंनी काठाच्या पट्ट्या विणून भेट गुंडाळली होती. आम्ही गेलो तेव्हा बाबासाहेबांच्या तसबिरीखाली झोळी टांगलेली होती आणि तिच्यात बाळ झोपलं होतं. त्याच्या डोक्यावर कुंची होती. कपाळाभोवती जरीचा काठ, मागं गोंडा.

साडूंनी काही मागायच्या आधीच ती मुलगी कौतुकानं म्हणाली, "काका, तुम्ही दिलेल्या कापडाची आईनं शिवली. लई छान दिसायलाय ना त्याला?"

"हाव," साडू म्हणाले.

मग चहा आला. चहा पिताना मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, तर त्यांनी मान फिरवली. शेवटी येण्याचं कारण मीच अडखळत सांगून टाकलं. मुलगी लगेच उठली. "अगंबाई, काकूंचा शालू होता का तो? थांबा, काढून देते."

"राहू दे," साडू म्हणाले. "झोपलंय ते." ते झोळीपाशी गेले, वाकले आणि बोटाच्या टोकानं कुंचीची एक चुणी चाचपून पाहिली. "शिवण बरी हाय," ते म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

किल्लारीला दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं आणि पुढं जीपनं गेलो. तिथं साखर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेले साडूंचे जुने स्नेही राहतात. त्यांच्या मुलाच्या लग्नात साडूंनी पितळी समई दिली होती आणि ती एवढी उंच, की शालूचं अख्खं अंग तिला लागलं होतं. स्नेही घरी नव्हते. त्यांची म्हातारी आई ओसरीवर ऊन खात बसली होती. कापडाचं नाव काढताच म्हातारी लगबगीनं उठली. "ते फडकं न्हवं? हाय की मह्यापाशी," ती म्हणाली आणि आतून एक पंचात बांधलेली घडी घेऊन आली.

तिनं ती मांडीवर सोडली. "मव्हा लग्नातला असाच व्हता बघ. ह्योच रंग. भूकंपात घर बसलं, पेटी खालीच राहिली. मानसं काढता काढता बेजार, पेटीचं कोन बघतंय. मग नातवाच्या लग्नात ह्ये आलं. सगळे समई बघून राहिले, मी ह्ये उचललं." घडीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "कुनाचा हाय ह्यो?"

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"बायकोचा हाय," ते म्हणाले.

म्हातारीनं तत्काळ घडी पुढं केली. "मग घिऊन जा बाबा. लग्नातला शालू दुसऱ्याच्या पेटीत बरा न्हाई. तिचा जीव लागला असंल."

साडूंनी ते कापड हातात घेतलं, उन्हात धरलं, उलटून पाहिलं. कापडाची पारख करणाऱ्या माणसासारखं अगदी बारकाईनं पाहिलं. मग घडी जशी होती तशी घालून म्हातारीच्या मांडीवर ठेवली. "ह्यो न्हाई मावशी," ते म्हणाले. "आमचा हिरवा हाय. मी घर चुकलो."

"हिरवा?" म्हातारी म्हणाली. "मग ह्यो मव्हाच का?"

"तुमचाच."

परतीच्या जीपमध्ये आमच्या पायाशी कोंबड्यांची टोपली होती. एरवी साडूंनी त्या टोपलीच्या विणीवर सगळी वाट काढली असती. त्या दिवशी ते नांदेड येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मला खरोखर भीती वाटत होती. एवढ्या वर्षांचा संसार, आणि तो परत लावायला या माणसाच्या पिशवीत फक्त एक चुरगळलेला पदर होता.

घरी आल्यावर त्यांनी तो पदर दाराच्या पडद्यासमोर जमिनीवर ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. मग आतल्या बाजूला ऐकू जाईल अशा बेतानं, काहीही न लपवता, सगळं सांगितलं. घुबड सांगितलं, झोळी सांगितली. कुंचीपाशी आल्यावर आतून पहिल्यांदा आवाज आला.

"काठ कुठून लावलाय? कपाळावरून?"

"कपाळावरून. मग कानावरून हनवटीखाली."

"टोचत असंल की लेकराला. जर हाय ती. अस्तर न्हाई का लावलं?"

"न्हाई दिसलं."

"आन् तुम्ही तसंच आलात," अक्का म्हणाल्या.

मग साडूंनी म्हातारीचं सांगितलं. पेटी खालीच राहिली ते सांगितलं. आपला हिरवा आहे असं सांगून आलो, हेही सांगितलं. आत स्टोव्हवर काही तरी उतू गेल्याचा आवाज झाला, पण कुणी उठलं नाही. शेवटी पडदा सरला आणि अक्का बाहेर आल्या. खाली बसून त्यांनी पदर उचलला, मांडीवर पसरला आणि त्याच्या सुरकुत्या तळहातानं दाबून सारख्या करत राहिल्या. जरीच्या एका बुट्ट्यावर त्यांचं बोट थांबलं. लग्नात वीज गेली तेव्हा तिथं मेणबत्तीचा थेंब पडला होता, असं माझी बायको मागाहून म्हणाली.

"नुसत्या अंगाचं काय करतील त्या मावशी?" अक्का म्हणाल्या. "पदराबिगर लुगडं म्हंजे काय लुगडं झालं?"

साडूंना आधी कळलंच नाही. अक्कांनी पदर त्यांच्याकडं सरकवला तेव्हा कळलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कितीतरी वेळ धरून बसले. मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "गुंडाळू?"

"मग काय मोकळा द्यायचा?" अक्का म्हणाल्या. "गुंडाळा. नीट गुंडाळा."

साडूंनी मान वर करून आमच्या घराकडं पाहिलं. तसं पाहणं मी ओळखत होतो. बायकोनंही ओळखलं आणि ती पटकन एक्स-रेच्या दिव्यापुढं उभी राहिली. पण त्यांची नजर खिडकीच्या पडद्यावर गेली. सुती, फिक्या पिवळ्या रंगाचा, धुवून धुवून मऊ झालेला पडदा. बायकोनं स्वतः कात्री आणून दिली. साडूंनी एका कडेची लांब पट्टी कापली, तिच्यात पदर ठेवला, वर खराट्यातल्या तुरीच्या बारीक काडीचा आधार दिला. मोर नाही, घुबड नाही, काहीच केलं नाही. साधी चौकोनी पुडी बांधली. गाठ मारायच्या वेळी दोरा निसटू लागला. अक्का पुढं सरकल्या आणि दोऱ्यावर बोट दाबून धरलं. साडूंनी गाठ आवळली. अक्कांनी बोट काढून घेतलं.

सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. आधी भोकर, मग किल्लारी असं अक्कांनी ठरवलं होतं. अस्तरासाठी मऊ मलमल त्यांनी बायकोकडून मागून घेतली होती. खिडकीशी अक्का बसल्या होत्या, पुडी त्यांच्या मांडीवर होती, आणि साडू त्यांना काही तरी समजावून सांगत होते. अक्का ऐकत नव्हत्या, रस्त्याकडं बघत होत्या, पण पुडीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

आमच्या खिडकीचा पडदा तेव्हापासून एका बाजूनं अपुरा पडतो. सकाळचं ऊन त्या फटीतून थेट उशीवर येतं आणि आम्हाला लवकर उठवतं. नवा पडदा आणायचा, असं बायको दर आठवड्याला म्हणते. अजून आणलेला नाही.